नेट गेले म्हणजे नेमके काय गेले?

२०२४ च्या जुलैचा शेवटचा आठवडा. चाकूरच्या बाजारपेठेतील एका सेवा केंद्रासमोर सकाळी नऊ वाजताच पंधरा-वीस माणसे उभी होती. हातात प्लास्टिकच्या पिशव्या. पिशवीत सातबारा, आठ-अ, आधारकार्डाची झेरॉक्स, बँकेचे पासबुक आणि पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र. एक रुपयात पीकविमा भरण्याचे ते दुसरे वर्ष. मुदत आधी १५ जुलैची होती, ती ३१ जुलैपर्यंत वाढवून मिळाली होती आणि वाढवलेले दिवसही आता बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आत संगणकापुढे बसलेल्या मुलाने माऊस दोन-चार वेळा टेबलावर आपटला, मान हलवली आणि बाहेर येऊन सांगितले, ‘‘नेट गेलंय. दुपारून या.’’

रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या मामांनी विचारले, ‘‘गेलं म्हंजे कुठं गेलं रं बाबा?’’

सगळे हसले. तो मुलगाही हसला. मी माझ्या एका दाखल्यासाठी त्याच रांगेत होतो, मीही हसलो. पण मागाहून वाटले, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मामा आठ-दहा किलोमीटरवरून जीप धरून आलेले. घरी फवारणी अडलेली. ‘दुपारून या’ म्हणजे त्यांचा दिवस गेला आणि ‘उद्या या’ म्हणजे दुसऱ्या दिवसाचेही जीपभाडे गेले. सोयाबीन पाण्यात गेले आणि त्या वर्षी विमाच भरलेला नसला तर काय होते, हे लातूर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. आणि हे सगळे ज्या दोन शब्दांवर अडते, त्या ‘नेट गेलंय’चा अर्थ ना सांगणाऱ्याला ठाऊक, ना ऐकणाऱ्याला.

गंमत अशी की, मामा स्वतः असा आजार शोधण्यात तरबेज असणार. शेतात ठिबकला पाणी येईना, तर शेतकरी नदीला शिव्या देत बसत नाही. तो आधी पाहतो, एकाच ओळीला येईना की सगळ्या वावराला? एकाच ओळीला येत नसेल, तर नळी तुंबली किंवा उंदराने कुरतडली. सगळ्यांनाच येत नसेल, तर फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग मोटार, मग स्टार्टर. मोटार मुकी असेल, तर शेजाऱ्याची चालू आहे का, हे बांधावरूनच ओरडून विचारतो. त्याचीही बंद असेल, तर डीपीचा फ्यूज. संपूर्ण शिवाराची बंद असेल, तर लाइनमनला फोन लावून गपगार बसणे, दुसरा उपाय नाही. संगणकाच्या जाळ्याचा बिघाडही नेमका याच रीतीने शोधायचा असतो. यात इंग्रजी लागते ते थोडे. लागतो तो धीर, आणि एका वेळी एकच गोष्ट तपासण्याची शिस्त.

मग हे नेट येते तरी कोठून? आपल्या हातातला मोबाईल किंवा टेबलावरचा संगणक ही एक टोकाची कडी. तिथून तारेने किंवा हवेतून घरातल्या राउटरपर्यंत दुसरी. राउटरपासून त्या छोट्या पांढऱ्या किंवा काळ्या पेटीपर्यंत तिसरी (हल्ली दोन्ही पेट्या एकातच असतात). पेटीपासून काचेची केसासारखी बारीक तार खांबाखांबावरून सेवा देणाऱ्याच्या कचेरीपर्यंत चौथी. तिथून लातूर, पुढे मोठी शहरे, आणि जे पान उघडायचे ते ज्या संगणकावर ठेवलेले असेल तिथपर्यंत पाचवी. यांतली एक कडी तुटली, तरी पडद्यावर दिसते ते एकच: पान उघडत नाही. म्हणून आपण पाचही बिघाडांना एकच नाव देऊन मोकळे होतो.

पहिला प्रश्न शेतातलाच. एकाचे गेले की सगळ्यांचे? घरात मोबाईल चालतो आणि संगणक चालत नाही, तर दोष संगणकात किंवा त्याच्या तारेत आहे. कंपनीला फोन करून उपयोग नाही. कोणाचेच चालत नाही, तर राउटरकडे जावे. शेजाऱ्याकडे त्याच कंपनीची जोडणी असेल आणि त्याचेही बंद असेल, तर आपल्या घरात खिटपिट करण्याचे कारणच उरत नाही. एकच संकेतस्थळ उघडत नाही आणि बाकी सगळी उघडतात, तर नेट ठणठणीत आहे, पलीकडचा संगणक दमला आहे. ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द खरा लागू पडतो तो फक्त या शेवटच्या प्रकाराला. आपल्याकडे मात्र तो सरसकट वापरला जातो, कारण त्यात कोणाचाच दोष निघत नाही. दुसरा प्रश्न असा की, काल चालत होते आणि आज नाही, तर मधल्या वेळात काय झाले? रात्री वीज गेली? कोणी कपाट सरकवले? पोराने काही बटण दाबले? निम्मे बिघाड या प्रश्नातच सापडतात. पण घरात हे विचारण्याची रीत जरा सांभाळून ठेवावी. ‘कोणी हात लावला?’ असे दरडावले की उत्तर एकच येते, कोणीच नाही.

आता त्या पेटीवरच्या दिव्यांकडे वळू. ते शोभेसाठी नसतात. काचेच्या तारेची जोडणी असेल, तर ‘एलओएस’ असे लिहिलेला एक दिवा असतो. तो एरवी विझलेला असावा. तो लाल पेटला किंवा लुकलुकला, की पलीकडून येणारा प्रकाशच आपल्या पेटीपर्यंत पोचत नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी राउटर शंभरदा बंद-चालू केला तरी काही होणार नाही. एकच गोष्ट आपल्या हातातली: पेटीत शिरणारी ती बारीक, बहुधा पिवळी तार कुठे काटकोनात मुडपली आहे का, कपाटाखाली चेंगरली आहे का, ते पाहणे. काचेच्या तारेतला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत होत पुढे सरकतो. तार फार मुडपली की तो त्या वळणावर बाहेर सांडतो. अलगद सैल केली की पुष्कळदा लाल दिवा विझतो. मात्र तिचे टोक काढून डोळ्यासमोर धरून ‘उजेड येतोय का’ हे कधीही पाहू नये. तो प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, आणि न दिसणारा लेझरही डोळ्याला इजा करू शकतो.

तार बाहेर तुटली असेल, तर तिची कारणे आपल्या भागाची म्हणून वेगळी आहेत. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात ती हातभर भेगाळते, पावसात फुगते; तिच्यात रोवलेला खांब दोन-तीन वर्षांत कलतो आणि त्याच्यावरची तार ताणली जाते. रस्त्याचे, नाल्याचे, पाणीपुरवठ्याचे काम निघाले की जेसीबीचा दात जमिनीतल्या तारेला लागतो. तांब्याची तार तुटली तर पीळ देऊन वेळ मारून नेता यायची. काचेची तार वितळवून जोडावी लागते, त्यासाठी खास यंत्र आणि ते चालवणारा माणूस यावा लागतो. म्हणून लाल दिव्याचा आजार म्हणजे अर्धा दिवस तरी गेलाच, हे गृहीत धरावे.

दिवे नीट आहेत, पण पेटी मध्येच विझते, पुन्हा उजळते, पाच मिनिटे चालते, पुन्हा विझते. हा आपल्याकडचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा आजार. दोष बहुतेक वेळा राउटरचा नसतो, तो त्याच्या अडॅप्टरचा असतो. वीज कमी-जास्त होऊन अडॅप्टर हळूहळू मरतो. दिवा पेटण्यापुरती वीज देतो, पण काम वाढले की कमी पडतो. म्हाताऱ्या बैलासारखे आहे ते. रिकामी गाडी ओढतो, चढाला बसतो. दुसरा अडॅप्टर लावून पाहणे हीच परीक्षा. पण लावताना त्यावरचा आकडा वाचावा. पिन बसते म्हणून टीव्हीच्या डब्याचा अडॅप्टर राउटरला लावला आणि एक बारा व्होल्टचा, दुसरा पाच किंवा नऊ व्होल्टचा निघाला, तर आजारी अडॅप्टर बदलण्याच्या नादात चांगला राउटर जायचा. व्होल्ट तंतोतंत तोच हवा. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा थोडा जास्त असला तरी चालतो.

उन्हाचेही तसेच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत, टीव्हीच्या तापलेल्या डब्यावर राउटर ठेवलेला असतो आणि वरून धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल! घरातल्या बाईने प्रेमाने घातलेला तो रुमाल काढायला सांगणे अवघड काम आहे, पण तो काढावाच. यंत्राला हवा लागते.

‘बंद करून चालू कर’ या उपायाची पुष्कळ थट्टा होते. तो उपाय वेडगळ नाही. राउटर हा एक छोटा संगणकच आहे. कोणाचा निरोप कोणाला द्यायचा याच्या नोंदी तो सतत ठेवत असतो. कधी त्या नोंदींत घोळ होतो, कधी जागा भरते, कधी आतला कार्यक्रम अडकून पडतो. वीज तोडली की पाटी कोरी होते. मात्र बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबावे, आतली साठलेली वीज जाऊ द्यावी. रोज दोनदा हे करावे लागत असेल, तर तो उपाय राहिला नाही, ते दुखण्याचे लक्षण झाले.

पण ‘बंद-चालू’ आणि ‘रिसेट’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राउटरच्या मागे एक टाचणी जाईल एवढे भोक असते. त्यात काडी घालून दहा सेकंद दाबले की कंपनीच्या माणसाने भरलेली सगळी माहिती, तुमचे वापरनाव, पासवर्ड, सगळे पुसले जाते. मुले उत्साहाने हे करतात, आणि पंधरा मिनिटांचा बिघाड दोन दिवसांचा होतो. ते भोक चिकटपट्टीने बंद करून ठेवले तरी हरकत नाही.

तारेची जोडणी दिसायला भरवशाची. हवेतल्यासारखा लपंडाव तिच्यात नाही. पण तिचे स्वतःचे नखरे आहेत. टोकाला ती पारदर्शक प्लास्टिकची पिन असते, तिची बारीक जीभ मोडलेली असते. जीभ मोडली की पिन बसल्यासारखी दिसते आणि खुर्ची हलली की सुटते. त्या तारेच्या पोटात आठ बारीक तारा, दोन-दोनच्या पिळाच्या चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी, प्रत्येकीची एक पांढरट जोडीदारीण. जुन्या, सेकंदाला १०० मेगाबिटच्या वेगाला यांतल्या दोनच जोड्या पुरतात. हजारच्या वेगाला चारही लागतात. म्हणून निळी किंवा तपकिरी तार आत तुटली, तर नेट बंद पडत नाही. बहुतेक यंत्रे समजूतदारपणे शंभरावर उतरतात आणि चालत राहतात. गिऱ्हाईक पैसे भरतो जास्तीच्या वेगाचे, त्याला मिळतो कमी, आणि वर्षभर तो कंपनीला बोल लावतो. दोष घरातल्या दोन हात तारेचा! अशी तार शंभर मीटरपर्यंतच न्यावी असा नियम आहे. आपल्याकडे ती दुकानातून माडीवर, माडीवरून गल्लीपलीकडच्या भावाच्या घरी जाते, आणि पावसाळ्यापूर्वीच्या वळवात वीज कडाडली की दोन्ही घरांतली यंत्रे एकाच वेळी जळतात. दोन इमारतींच्या मध्ये उघड्यावर तांब्याची तार नेणे म्हणजे विजेला आवतण देणे. मृगाच्या आधी आभाळ गडगडू लागले की राउटरचा प्लग आणि ही तार, दोन्ही काढून ठेवावे. नुसते बटण बंद करणे पुरत नाही.

तारेचा सर्वांत विनोदी बिघाड मी एका कार्यालयात पाहिला आहे. कार्यालय कोणते ते सांगत नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींना तारेचे एक टोक जमिनीवर लोंबताना दिसले. कोणाचे तरी निघाले असेल, पायात येईल, म्हणून त्यांनी ते उचलून भिंतीवरच्या पेटीतल्या रिकाम्या भोकात नीट बसवले. दुर्दैवाने त्या तारेचे दुसरे टोकही त्याच पेटीत होते. झाले! एका भोकातून निघालेला निरोप दुसऱ्या भोकातून परत आत, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. सेकंदात हजारो निरोप त्या गरगर फिरणाऱ्या भोवऱ्यात अडकले आणि संपूर्ण कार्यालय ठप्प झाले. दोन दिवस सगळे सर्व्हरला नावे ठेवत होते. शेवटी कोणीतरी पाहिले की, पेटीवरचे सगळे दिवे एकाच तालात वेड्यासारखे चमकताहेत. एकेक तार काढत गेल्यावर ती सापडली. हा भोवरा आपोआप तोडण्याची युक्ती रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने १९८५ सालीच शोधून काढली आहे. पण आपण बाजारातून आणतो त्या स्वस्त पेट्यांत ती बहुधा नसते. मावशींना कोणी काही बोलले नाही, हे त्या कार्यालयाच्या बाजूने सांगायला हवे.

नव्वदच्या दशकात ज्यांनी बँकांत किंवा कारखान्यांत संगणक पाहिले, त्यांना याहून विचित्र प्रकार आठवत असेल. तेव्हा एकच काळी, टीव्हीच्या केबलसारखी तार सगळ्या संगणकांना शिवत जायची आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक टोपण असायचे. एक टोपण निघाले की सगळ्यांचे काम बंद, कारण निरोप टोकावर आपटून उलटा फिरायचा आणि पुढच्या निरोपात मिसळायचा. साहेबांच्या टेबलाखाली पाय लागून ते टोपण निघायचे आणि ते साहेबांना सांगणार कोण!

आता वायफाय. इथे आपल्या भागाची घरे मध्ये येतात, अगदी शब्दशः. चाकूर, औसा, निलंगा या पट्ट्यात अजूनही जुनी माळवदे उभी आहेत. दगड-मातीची दोन-तीन फूट जाडीची भिंत, वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरात पाऊल टाकले की जीव थंड होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जाड भिंतींनी आणि जड छपरांनी हजारो माणसांचा घात केला, आणि तेव्हापासून नवी बांधकामे बदलली. पण जी माळवदे उरली आहेत, त्यांत वायफाय ओसरीवर पूर्ण दिसते आणि माजघरात शून्य होते. वायफायच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, पाच गिगाहर्ट्झची सहा. पहिली सावकाश पण भिंतीपलीकडे थोडीफार पोचणारी. दुसरी वेगवान पण नाजूक, भिंत दिसली की दम टाकणारी. मातीची जाड भिंत, त्यातून पावसाळ्यात ओल धरलेली, दोघींनाही गिळते. पाणी या लहरी शोषून घेते आणि पत्रा त्यांना परत फिरवतो. म्हणून देवळीत, लोखंडी कपाटामागे किंवा पाण्याच्या टाकीशेजारी राउटर ठेवू नये. आमच्या घरी तो बरीच वर्षे गोदरेजच्या कपाटावर, भिंतीला चिकटून होता, कारण प्लग तिथे होता. पाच मीटरची एक तार आणून तो घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर टांगला आणि ‘नवा राउटर घ्या’ ही मुलांची कटकट थांबली. माळवदाच्या घरात मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे माजघरापर्यंत तार न्यावी आणि आत दुसरी छोटी पेटी लावावी, हाच सरळ उपाय.

बाजारपेठेत दुखणे निराळे. तिथे भिंती पातळ, पण प्रत्येक दुकानात एक राउटर. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांना त्रास न देणाऱ्या जागा जेमतेम तीन, १, ६ आणि ११. वीस दुकानांचे राउटर या तीन जागांत बसून एकदम बोलू लागले की आठवडी बाजार भरतो. कोणाचेच कोणाला ऐकू येत नाही, प्रत्येक जण तेच पुन्हा सांगतो. अशा ठिकाणी संगणक जागचा हलत नसेल, तर त्याला तारेनेच जोडावे आणि मोबाईल पाच गिगाहर्ट्झवर न्यावेत.

एक गैरसमज तर घरोघरी आहे. ‘वायफायच्या रेघा पूर्ण आहेत, तरी नेट कसे नाही?’ त्या रेघा फक्त तुमचा मोबाईल आणि तुमचा राउटर यांच्यातला सलोखा दाखवतात. राउटरच्या पलीकडे खांबावरची तार तुटून पडली असली, तरी रेघा पूर्णच राहणार. हौद जवळ आहे, पण हौदात पाणी आहे का, हे रेघा सांगत नाहीत.

थोडे विषयांतर करतो. तारेच्या या जोडणीला ‘ईथरनेट’ म्हणतात. १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी तिला हे नाव दिले, आणि ईथर म्हणजे जुन्या शास्त्रज्ञांच्या कल्पनेतले आकाश भरून राहिलेले अदृश्य द्रव्य! तारेला आकाशाचे नाव का? तर मेटकाफ यांना कल्पना सुचली ती हवाई बेटांवरच्या ‘अलोहानेट’वरून. तिथे १९७१ पासून बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने बोलत होते. दोघे एकदम बोलले, तर दोघांनी थांबायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा, ही रीत तिथली. म्हणजे आज आपण तार भरवशाची आणि वायफाय नवे असे समजतो, पण तारेने बोलण्याची रीत शिकली ती बिनतारीकडून.

दिवे ठीक, तार ठीक, रेघा ठीक, तरी पान उघडत नाही, तर मग संगणकालाच विचारावे लागते. प्रत्येक यंत्राला जाळ्यात एक पत्ता मिळतो, घरात बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. संगणकाने तुम्हाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवला, तर समजावे की राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही आणि बिचाऱ्याने स्वतःच एक ठरवून घेतला आहे. मग ‘पिंग’ ही आज्ञा कामी येते. पाणबुडी जशी पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकते, तशी ही एक हाक मारून उत्तराची वाट पाहते. माइक मूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी बसून ती लिहिली, आणि आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक संगणकात ती आहे. आधी राउटरला हाक मारावी. तो ओ देतो, तर घर ठीक. मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, जसे ८.८.८.८. तिथूनही ओ आली, तर गावाबाहेरचा रस्ताही ठीक. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर नावावरून आकडा शोधून देणारी वही, म्हणजे डीएनएस, बिघडली आहे. राउटरमध्ये दुसऱ्या वहीचा पत्ता भरला की काम होते. तीन हाकांत तीन कड्या तपासून होतात.

कड्या जितक्या जास्त, तितकी तुटण्याची ठिकाणे जास्त. हे महाराष्ट्राने एकदा मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून त्याचा देशभर बोलबाला झाला. शेतीमाहिती, बाजारभाव, शिक्षण, सगळे गावात येणार होते. प्रत्यक्षात लोकांनी ते केंद्र वापरले ते मुख्यतः उसाच्या हिशोबासाठी: नोंद कधीची, तोड कधी, वजन किती भरले. संगणक जुने होत गेले, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस आणून पाहिले. काम तेच झाले, खर्च कमी झाला. वारणेचा तो प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. कारखान्यापर्यंतची शेतकऱ्याची पायपीट त्याने वाचवली, हे खरे. पण पुढे आलेल्या किती योजनांनी ही कड्या कमी करण्याची गोष्ट मनावर घेतली, याचा हिशोब कोणी मांडलेला दिसत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली, तीच आजची भारतनेट. तार पंचायतीच्या दारात आली. पण दाराला कुलूप आणि आत वीज नसेल, तर तारेतला प्रकाश भिंतीवरच्या बंद पेटीत येऊन थांबतो. मुंबईच्या आयआयटीने आताच्या पालघर जिल्ह्यातल्या खामलोली परिसरात सात पाड्यांवर दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरी वापरून नेट नेऊन दाखवले, कारण त्या लांब लहरी झाडी आणि चढउतार ओलांडून जातात. जशी जमीन तसे बियाणे, हा नियम इथेही आहे.

शेवटी कंपनीला फोन करायची वेळ येतेच. तेव्हा ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगितले, तर पलीकडून ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढेच येते, आणि दोघेही बरोबरच असतात. त्याऐवजी सांगावे: सकाळी साडेसातपासून, लाल दिवा लुकलुकतोय, अडॅप्टर बदलून पाहिला, तार मुडपलेली नाही, शेजारचेही बंद आहे. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. पलीकडच्या माणसाचा आवाज बदललेला लगेच जाणवतो.

त्या जुलैतल्या सकाळी आम्ही रांगेत तसेच उभे होतो. आजोबांबरोबर आलेली अकरावीतली एक मुलगी केंद्राच्या पायरीवर बसून मोबाईल पाहत होती. वायफायचा पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेलाच होता. ती आतल्या मुलाला म्हणाली, ‘‘दादा, तुमच्याच वायफायवर माझं तर चालू आहे की.’’

‘‘कसं असंल? इथं एक पण साईट उघडंना.’’

ती उठून आत गेली. पडद्यावर इंग्रजीत चार ओळींची सूचना आलेली होती आणि ती सकाळपासून कोणी वाचली नव्हती. तिने वाचली, मग पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथली तारीख होती १ जानेवारी २००९. रात्री वीज बराच वेळ गेली होती. संगणकाच्या पोटात घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा एक सेल असतो, तो मेलेला. वीज गेल्याबरोबर घड्याळ कारखान्यातून निघाल्या दिवसावर जाऊन बसले. सुरक्षित संकेतस्थळे उघडताना संगणक त्यांचे ओळखपत्र तारखेवरून तपासतो. २००९ साली बसून पाहिले, तर २०२४ ची सगळीच ओळखपत्रे अजून जन्माला न आलेली. म्हणून त्याने सगळ्यांना दारातूनच परत पाठवले होते. नेट कुठेही गेलेले नव्हते.

मुलाने तारीख दुरुस्त केली. पान उघडले. सेल शेजारच्या घड्याळाच्या दुकानात मिळतो, असे कोणीतरी सांगितले, तो दुपारी आणायचे ठरले. पहिला नंबर मामांचा. सातबारा चढला, पासबुक चढले, रुपया भरला, छपाईयंत्रातून पावती बाहेर आली. मामांनी ती हातात घेऊन दूर धरली, जवळ धरली, आणि मग त्या मुलीपुढे केली.

‘‘बाई, तारीख बघ गं जरा. यंदाचीच हाय का?’’